आडव्या फांदीचा कैवार

गुलाब लावणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे लोक दांडा फूटपट्टीने मोजतात, पाकळ्या मोजतात आणि प्रदर्शनात कप मिळवतात. दुसऱ्यांच्या फाटकावर एखादा जुना वेलगुलाब असतो. त्यांना कप मिळत नाही, वास मिळतो. दिवसभर काउंटरवर नोटांचा वास घेणाऱ्या माणसाने कोणाची बाजू घ्यावी, हे सांगायला नकोच.

सेलोफेनमधल्या हल्लीच्या गुलाबाला नाक लावून पाहा. फ्रिजचा वास येतो! आणि हे फूल म्हणे सुधारलेलं!

आता ‘मारेशाल नील’ घ्या. 1864 सालचा फ्रेंच वेलगुलाब, पिवळा आणि घमघमणारा. थंडी सोसत नाही म्हणून इंग्लंडात त्याला काचघरात ठेवत. आपल्याकडे ती काळजीच नाही. पण प्रदर्शनवाले म्हणतात, याची मान लेची. अहो, वेल वर असतो आणि आपण खाली! मान वाकवून फूल आपल्याकडे बघतं, यात दोष कसला? वर बसलेल्या किती जणांना हे जमतं?

तेव्हा रंगीत चित्र पाहून वेल घेऊ नका. वास आहे का, किती फूट वाढेल, आणि वर्षातून एकदाच फुलतो की पुन्हा पुन्हा, एवढं विचारा. जागा मात्र निदान पाच-सहा तास उन्हाची हवी. वेल म्हटलं तरी त्याला काकडीसारखे ताणे नसतात. तो आपण होऊन काही धरत नाही, बांधावा लागतो.

माझं खरं भांडण आहे ते छाटणीशी. ऑक्टोबर आला की माळी कात्री घेऊन येतो आणि झुडूप समजून पंधरा फुटी वेल दीड फुटावर आणतो. मग मालक वर्षभर कुरकुरतात, “वेल फुलत नाही हो!” कसा फुलेल? लांब फांद्या हे मुद्दल, बाजूचे आखूड फुटवे हे व्याज. व्याज दोन-तीन डोळ्यांवर छाटा, मुद्दलाला हात लावू नका. एकदाच फुलणारे जुने वेल तर गेल्या वर्षीच्याच फांदीवर फुलतात. मुदतठेव मोडून वर व्याज मागणारे गिऱ्हाईक आम्हांला नवीन नाही, पण वेलाला ते समजावता येत नाही.

कलमाच्या जोडाखालून फुटवा आला, तर मात्र दया नको. तो खुंटाचा असतो, गुलाबाचा नव्हे. तरारून वाढतो, म्हणून लोक कौतुकाने ठेवतात; आणि पुढे जामीनदारच खातेदार होऊन बसतो.

आता मुख्य मुद्दा. फांदी सरळ उभी चढवली की सगळा जोर शेंड्याला जातो. पाणी आपण घालायचं आणि फुलं वरच्या मजल्याने बघायची! तीच फांदी कोवळी असताना हळूच आडवी करून तारेला बांधा. जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो आणि सबंध कुंपण फुलतं.

सरळ वर गेलेले पुष्कळ जण आम्ही बँकेत पाहिले आहेत. काउंटरपर्यंत त्यांचा सुवास कधी आल्याचं स्मरत नाही.