अँटेना लांबी बघून घेऊ नका

वॉकीटॉकीचा अँटेना मोडला की आपण दुकानात जाऊन सगळ्यात लांब दांडी मागतो. माझं मत स्पष्ट आहे, लांबी नाही, सेटची फ्रिक्वेन्सी बघून घ्या.

हिशोब सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये येते. साध्या सरळ अँटेनाला तिचा चौथा हिस्सा पुरतो. आपल्याकडं विनापरवाना चालणारे सेट ४४६ मेगाहर्ट्झचे, म्हणजे साधारण १७ सेंमी. १५० मेगाहर्ट्झला ५० सेंमी. आत तार गुंडाळलेला रबरी अँटेना आखूड असतो, पण तोही त्याच फ्रिक्वेन्सीचा पाहिजे. नाहीतर सेटची ताकद उलटी फिरते आणि आवाज बांधापलीकडं जात नाही.

मधे पिन आहे की भोक, तेही जुन्याशी जुळवून बघा. पक्का बसवलेला अँटेना कापून दुसरा लावू नका. अँटेना नसताना बोलायचं बटण दाबू नका, सेट जळू शकतो.

रात्रीच्या लाईटला एकजण स्टार्टरपाशी, दुसरा उसात दारं धरतोय, त्यात बिबट्याची भीती. तिथं "मोटार बंद कर" एवढं ऐकू गेलं पाहिजे. दांडी कशी दिसते याला अंधारात किंमत नाही.