बनारसचा विणकर: कारागीर की कामगार?

बनारसच्या विणकरांसाठी काय केले, असे सरकारला विचारले की लांबलचक यादी पुढे येते. २००५ साली आरोग्य विमा आला. २००९ साली बनारसी साडी व ब्रोकेड यांना भौगोलिक मानांकन मिळाले. २०११ साली हातमाग क्षेत्रासाठी ३,८८४ कोटी रुपयांची देशव्यापी कर्जमाफी योजना जाहीर झाली. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो, आणि २०१७ साली बडा लालपूर येथे भव्य दीनदयाळ हस्तकला संकुलाचे उद्घाटन झाले. यादी खोटी नाही. परंतु परदेशी मालामुळे ज्याचा माग थांबला, त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र या यादीत कितीही शोधली तरी सापडत नाही.

माग आपोआप थांबलेले नाहीत. भारताच्या आयातबंधनांविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, १९९९ साली निकाल भारताच्या विरुद्ध गेला, आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक बंधने उठविण्यात आली. १९९४ साली माराकेश येथे करारावर सही करणारे सरकार काँग्रेसचे होते. बंधने उठविणारे भाजपच्या नेतृत्वाखालचे. त्यानंतरच्या वर्षांत चिनी रेशमी कापड, आणि पुढे बनारसी नक्षीची यंत्रावर काढलेली हुबेहूब नक्कलही, बाजारात स्वस्त दराने उतरली. दोष एकट्या चीनचा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सुरतेच्या यंत्रमागांवरील नकली बनारसीने तितकाच घाव घातला. हातमागासाठी ठरावीक वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ सालचा; त्यातील २२ वाणांची यादी १९९६ साली ११ वर आली, आणि उरलेल्यांचेही रक्षण धडपणे झाले नाही.

मदनपुरा, अलईपुरा, बजरडीहा, लोहता या वस्त्यांतील विणकर हा बहुधा स्वतंत्र धंदेवाला नाही. वर गद्दीदार, मध्ये गिरस्त म्हणजे मुख्य विणकर, आणि खाली खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणारा मजूर, अशी ही उतरंड आहे. रेशीम आणि जर गद्दीदाराची, नक्षी त्याची, पुष्कळदा मागही गिरस्ताचा. विणकराला साडीमागे मजुरी मिळते. तीही डाग किंवा चूक दाखवून कापली जाते, किंवा पुढच्या तारखेच्या धनादेशाने चुकती होते. ज्याला रोख हवी त्याने बट्टा सोसून तो वटवावा. घरातील स्त्रिया व मुले बाण्याच्या कांड्या भरतात. त्यांची मजुरी त्या एका साडीच्या दरातच जिरून जाते. कारखान्यातील पिळवणुकीचे सारे घटक या घरात हजर आहेत, नाही तो फक्त हजेरीपट.

म्हणूनच काम जाते तेव्हा ते गेले हेही सिद्ध करता येत नाही. टाळेबंदीची नोटीस नाही, कपातीचा आदेश नाही. गद्दीदार पुढचा ताणा देत नाही, एवढेच. आठवडे उलटतात, घरातील भांडी विकली जातात, मग कोणी सायकलरिक्षा ओढतो, कोणी सुरतेची गाडी पकडतो. २००१ नंतरच्या दशकात या वस्त्यांतून उपासमारीच्या व आत्महत्यांच्या बातम्या वारंवार येत राहिल्या.

या देशात विस्थापित कामगारांना वेतन देण्याची कल्पनाच अपरिचित आहे असे नव्हे. १९८६ साली वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी स्थापन झाला. कायमच्या बंद झालेल्या खासगी गिरणीतील कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के देण्याची त्यात तरतूद होती. अट अशी की गिरणी कागदोपत्री रीतसर बंद झालेली असावी. गिरणगावाला या अटीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २०१७ साली तो निधी राज्य कामगार विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाला, म्हणजे विमा नोंदलेल्या कामगारापुरता उरला. खुद्द अमेरिकेत आयातीने काम गमावलेल्यांना भत्ता व प्रशिक्षण देणारा कायदा १९६२ साली झाला होता. २०२२ साली तो तेथेही नवीन अर्जांसाठी बंद पडला. इतरांच्या बाजारपेठा उघडून घेणाऱ्या देशाने आपल्या कामगारांसाठी सहा दशके जे काही थोडेफार ठेवले होते, तेवढेही बनारसच्या विणकराच्या वाट्याला कधी आले नाही.

त्याला मिळाले ते कर्ज. हाताला काम नसलेल्या माणसाला कर्ज देणे आणि काही वर्षांनी ते माफ केल्याची घोषणा करणे, याला साहाय्य म्हणण्याची प्रथा पडली आहे.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. ठरावीक वजनाच्या चिनी रेशमी कापडावर २००६ साली अवपुंजनविरोधी कर बसला. कच्च्या रेशमावर तो त्याआधीच होता. कर बसला म्हणजे विणकराचे रक्षण झाले, असे अनेकांनी मानले. पण तो जमा होतो सरकारी तिजोरीत. सुतावरील कराचा बोजा तर बनारसमध्ये सूत वापरणाऱ्यावरच येतो. कच्च्या रेशमावरील आयातकर २०११ साली ३० टक्क्यांवरून ५ वर आणला, तेव्हा कर्नाटकातील कोशउत्पादक शेतकरी रस्त्यावर आला. २०१३ साली तो १५ टक्के झाला, तेव्हा विणकराचे सूत महागले. एका कष्टकऱ्याचे ताट ओढून दुसऱ्यापुढे सरकविण्याचा हा खेळ आहे, आणि त्यात पक्षाने कोणा एकाची बाजू घेण्याचे कारण नाही. तयार कापडावरील कर कडक ठेवावा, आणि रेशमाच्या आयातीवर जे काही वसूल होते त्यातून शेतकऱ्याला भाव व विणकराला बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी, ही मागणी दोघांनाही एकत्र आणू शकते.

मालक एक नाही, कामाची जागा घर आहे, मग जबाबदार कोणाला धरायचे, ही अडचण महाराष्ट्राने फार पूर्वी सोडविली आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले होते, आणि तो कायदा अमलात आणण्यासाठी सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना वर्षानुवर्षे लढावे लागले. १९६९ च्या माथाडी कायद्याने तर दररोज वेगळ्या व्यापाऱ्याचे ओझे वाहणाऱ्या हमालासाठी मंडळ उभे केले आणि व्यापाऱ्यांवर लेव्ही बसविली. गद्दीदार व रेशीम आयातदार यांच्यावर तशीच लेव्ही बसविण्यात कायद्याची कोणती अडचण आहे? अडचण शब्दाची आहे. सरकारी हिंदीत तो ‘बुनकर’ आहे, ‘शिल्पी’ आहे, ‘लाभार्थी’ आहे. ‘मजदूर’ म्हटले की लगेच देणे लागू होते. मानांकनाच्या सोहळ्यात कारागीर म्हणून त्याला शाल मिळते. शालीवर वेतनाचा दावा लावता येत नाही.

हातमाग आता कालबाह्य झाला, त्याचे जाणे अटळ आहे, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. जाणे अटळ असेलही. उपाशी जाणे अटळ नाही. १९८७-८८ च्या पहिल्या हातमाग गणनेत देशात विणकर व संलग्न कामगार मिळून ६७.३९ लाख होते; २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५.२२ लाख. मधल्या काळात निम्मे कामगार या कामातून बाहेर पडले. या संख्येची एखादी गिरणी बंद पडली असती तर संसद बंद पडली असती. उलट २०२० साली सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त केले.

याच शहराने १९६७ साली सत्यनारायण सिंह यांच्या रूपाने कम्युनिस्ट खासदार दिल्लीला पाठविला होता. त्यानंतर मोमीन विणकर आणि बहुतांशी हिंदू असलेला गद्दीदार यांच्यातील मजुरीचा झगडा धर्माच्या झगड्याखाली गाडण्यात जातीयवाद्यांना यश आले, आणि कामगार संघटनांनीही विणकराला छोटा धंदेवाला समजून बाजूला ठेवले. ही चूक सुधारायची तर सुरुवात कागदावरून करता येईल. गणनेनंतर विणकरांना ओळखपत्रे मिळाली आहेत. त्यांवर छायाचित्र आहे. त्याला काम देणाऱ्या गिरस्ताचे आणि गद्दीदाराचे नाव त्याच पत्रावर नोंदविले जावे, आणि शेवटचा ताणा कोणत्या तारखेला मिळाला तेही.