तालुक्याएवढा देश

गेल्या वीकांताला टीमबरोबर कोलाडला गेलो होतो. कुंडलिकेचं राफ्टिंग म्हणजे सकाळचा खेळ. वर भिऱ्याहून वीज करून पाणी सुटलं की नदी, नाहीतर नुसते दगड. पाण्याची वाट बघत काठावर वडापाव हाणत बसलो होतो. नुकताच मॉरिशसला हनिमून करून आलेला एक मित्र म्हणाला, "मस्त देश आहे रे, पण केवढासा! आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. त्यांचं कसलं आलंय सरकार आणि पार्लमेंट!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन आकडे बघितले आणि हसू जिरलं.

मॉरिशसची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. आपला रायगड जिल्हा २०११ च्या जनगणनेत सव्वीस लाखांच्या वर. म्हणजे आम्ही काठावर बसून ज्या देशाला हसत होतो, त्याच्या दुप्पट माणसं आमच्याच जिल्ह्यात राहतात. तिथे बासष्ट खासदार थेट निवडून येतात, रायगडचे आमदार सात. जिल्हा आणि सार्वभौम देश यांची तुलना चूक आहे, मान्य. मग जिल्ह्याला जे आहे तेवढंच बघू.

रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले आणि प्रशासक बसला. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बाबांनो, निवडणुका घ्या. तीन वर्षांहून जास्त काळ सव्वीस लाखांच्या जिल्ह्यात शाळा, आरोग्यकेंद्रं, गावचे रस्ते यांचा कारभार न निवडलेल्या माणसाच्या सहीनं चालला. कुणी रस्त्यावर उतरलं? मला तर हे घडतंय याचा पत्ताही नव्हता.

आता त्या 'तालुक्याकडे' बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे नेते, पत्रकार, पोलिस यांच्या फोनवरच्या बोलण्याच्या चोरून केलेल्या रेकॉर्डिंग्ज बाहेर आल्या. मतदान १० नोव्हेंबरला. सरकारनं काय करावं? १ नोव्हेंबरला सोशल मीडियाच बंद करायचा हुकूम काढला, तो ११ तारखेपर्यंत! एवढी बोंबाबोंब झाली की दुसऱ्याच दिवशी हुकूम मागे. मतदारांनी सत्ताधारी आघाडीला मुख्य बेटावर साठपैकी एकही जागा दिली नाही. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघात पडले.

लगेच कुणीतरी म्हणेल, साठ-शून्य ही कसली लोकशाही? बरोबर आहे. एका मतदाराला तीन मतं, एका मतदारसंघातून तिघे, त्यामुळे लाट आली की विरोधक साफ. १९८२ आणि १९९५ लाही असंच झालं होतं. म्हणून तर हरलेल्यांमधून जास्तीत जास्त आठ जणांना आत घ्यायची 'बेस्ट लूझर' सोय आहे, आणि तीही धर्म-समाजाच्या हिशोबानं. घराणेशाही म्हणाल तर १९६८ च्या स्वातंत्र्यापासून पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांतच फिरतंय. मधली दोन वर्षं काय ती पॉल बेरांजे यांची. पण आपण कुठल्या तोंडानं बोलायचं? २०२४ च्या निवडणुकांनंतर रायगडचे खासदार सुनील तटकरे, आणि जिल्ह्यातल्या मंत्री त्यांच्या कन्या आदिती. घराणी इथेही आहेत, तिथेही. फरक एवढाच की तिथे ती घराणी दर काही वर्षांनी घरी बसतात.

लहान असण्याचा फायदा तो हाच. कॉलर हाताच्या अंतरावर असते. मग जिल्हा परिषद तर त्याहूनही जवळ हवी ना? ती रिकामी राहिली तेव्हा आपण 'लोकल पॉलिटिक्स, कुठे नादी लागायचं' म्हणत ट्रंपवर वाद घालत होतो. प्रॉडक्शन सर्व्हर दहा मिनिटं डाऊन झाला तर आपण रात्री दोनला उठतो. इथे जिल्ह्याचं सरकार तीन वर्षं डाऊन होतं आणि आपल्यापैकी एकानंही तिकीट टाकलं नाही.

असो. सोमवारी त्या मित्राला एकच प्रश्न विचारणार आहे: तुझ्या गावचा जिल्हा परिषद सदस्य कोण? त्याआधी माझ्या गावचा शोधून काढतो. मलाही माहीत नाही.