मुलाखत कीं वधूपरीक्षा ?

मुलाखतीस जाणाऱ्या तरुणतरुणींस हितोपदेश करणारें वाङ्मय अलीकडे फार वाढलें आहे. पोषाख कसा असावा, खुर्चीवर बसावें कसें, हंसावें किती, येथपासून या उपदेशास प्रारंभ होतो. आणि परीक्षकानें नको तो प्रश्न विचारलाच तर काय करावें, या ठिकाणीं तो येऊन पोंचतो. तेथें सर्व उपदेशकांचें एकमत दिसतें. रागावूं नये, हंसून वेळ मारून न्यावी, घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येणार नाहींत असें गोड शब्दांत सांगावें आणि संभाषण आपल्या पात्रतेकडे वळवावें. हा उपदेश व्यवहारदृष्ट्या खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या घरीं दोन वर्षें नियमित पगार आलेला नाहीं, त्यानें प्रश्नकर्त्याशीं वाद घालावा असें पेन्शनीच्या उंबरठ्यावरून सांगणें आम्हांस शोभणार नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. कुलपें घट्ट लावा म्हणून घरोघर सांगत फिरणाऱ्या फौजदारानें चोराकडे मात्र ढुंकूनही पाहूं नये, तसा हा सारा प्रकार आहे.

कांहीं वर्षांमागें सांगलीच्या परिसरांतील एका महाविद्यालयाच्या निवड समितीवर आम्ही विषयतज्ज्ञ म्हणून बसलों होतों. एक बाई आल्या. नेट झालेल्या, पीएच्. डी. झालेल्या, आणि तासिका तत्त्वावर सात वर्षें तासगांव, मिरज, जत अशा एस्. टी.च्या फेऱ्या करून शिकविलेल्या. आम्हीं विषयासंबंधीं दोन प्रश्न विचारले. उत्तरें उत्तम आलीं. मग व्यवस्थापनाच्या बाजूचे एक गृहस्थ पुढें सरसावले. "बाई, लग्न झालेंच असेल ? यजमान काय करतात ? मूलबाळ ?" एकच मुलगी आहे असें कळतांच "मग पुढें आणखी कांहीं विचार ?" आणि शेवटीं, "आपलें मूळ गांव कोणतें म्हणालांत ? कुलदैवत ?" बाईंनीं हंसून सर्व कांहीं सांगितलें. उपदेशाच्या पुस्तकांत लिहिल्याबरहुकूम सांगितलें. आम्ही समोरच्या कागदावर पेन्सिलीनें रेघोट्या ओढीत होतों. सायंकाळीं अहवालावर सर्वांच्या सह्या झाल्या, त्यांत आमचीही होती. बाईंची निवड झाली नाहीं. त्या प्रश्नांमुळेंच झाली नाहीं असें आम्हांस सिद्ध करतां यावयाचें नाहीं. आणि असल्या प्रश्नांचें खरें बळ नेमकें येथेंच आहे.

यावर कोणी म्हणेल, गांव, आडनांव, मुलेंबाळें विचारणें हा आपल्याकडे शिष्टाचारच नव्हे काय ? आहे. सांगलीच्या स्थानकावर शेजारीं बसलेला प्रवासी हेंच विचारतो, आणि त्यांत आम्हांस कधीं वावगें वाटलें नाहीं. पण त्या प्रवाशाच्या हातीं आपलें तिकीट नसतें. १९०१ सालीं साताऱ्यास शिकणारा भीमराव आंबेडकर नांवाचा मुलगा भाऊ व भाचे यांसह गोरेगांवास वडिलांकडे निघाला होता. मसूर स्टेशनावर मुलें उतरलीं, तों न्यावयास कोणी आलेलें नाहीं. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरानें आपुलकीनेंच विचारलें, तुम्ही कोण ? मुलानें सरळपणें जात सांगितली, आणि त्या गृहस्थाचा चेहरा पालटला. मग गाडीवाले मिळेनात. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही अशा अटीवर कीं गाडी मुलांनीं हांकावी व त्यानें पायीं चालावें. पुण्याहून मिरजेस येतांना हें स्टेशन वाटेंत लागतें. प्रश्न अगदीं साधा होता. परंतु त्याच्या उत्तरावर गाडी मिळणें न मिळणें अवलंबून होतें, म्हणून तो साधा राहिला नाहीं.

कायद्याची स्थिति काय आहे, हेंही सांगितलें पाहिजे, कारण याविषयीं दोन्ही बाजूंनीं अज्ञान आहे. घटनेचें १६ वें कलम सरकारी नोकरींत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान इत्यादि कारणांवरून भेद करण्यास मनाई करतें. भरतींत स्त्री म्हणून भेद करूं नये हें १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यानें खाजगी मालकासही बजाविलें, आणि २०१९ च्या वेतन संहितेंत तें तत्त्व पुढें चालविलें आहे. मात्र अमुक प्रश्न विचारणें हाच अपराध, असें सरसकट सांगणारें कलम आपल्याकडे नाहीं. भेद निषिद्ध, भेदाची चौकशी मोकळी ! तरीही न्यायालयानें एकदां या चौकशीसच हात घातला होता. आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रतिज्ञापत्रांत स्त्री-उमेदवारास मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भपात यांची माहिती भरावी लागे. ती चुकीची भरली म्हणून नीरा माथुर यांची नोकरी गेली. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस पुन्हा कामावर घ्यावयास लाविलें आणि असले रकाने स्त्रीच्या शालीनतेस लाजिरवाणे आहेत म्हणून काढून टाकण्यास सांगितलें. कागदावरून जे रकाने गेले, ते परीक्षकांच्या जिभेवर सुखानें नांदत आहेत, एवढेंच.

संस्थाचालकांचा एक आक्षेप आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. लहान महाविद्यालय, विभागांत दोनच अध्यापक. त्यांतील एक बाई २६ आठवडे रजेवर गेल्या तर वर्ग कोणीं घ्यावेत? ही अडचण खरी आहे. पण ती नवी नाहीं, आणि तिचें उत्तरही जुनेंच आहे. मुंबईच्या एका औषधी कंपनींत, इंटरनॅशनल फ्रँचायझेस हें तिचें नांव, लग्न होतांच स्त्री-कामगाराची नोकरी संपेल असा नियम होता. विवाहित स्त्रियांच्या गैरहजेरीनें कामाची घडी विसकटते, असें कंपनीचें म्हणणें. १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. प्रसूतीच्या रजेपुरती सोय राखीव माणसें ठेवून सहज करतां येते, असें न्यायमूर्तींनीं दाखवून दिलें. शिवाय ज्या संस्था सात-सात वर्षें तासिका तत्त्वावर वर्ग चालवितात, त्यांनीं सहा महिन्यांची बदली मिळत नाहीं म्हणून गळा काढावा, हें नवलच आहे. आणि आजवर आम्हीं ज्या समित्या पाहिल्या त्यांत एकाही पुरुष उमेदवारास मूल कधीं होणार, असें विचारलेलें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

हा केवळ पांढरपेशांचा गाऱ्हाणेवजा प्रश्न नव्हे. दर हिवाळ्यांत आमच्या जिल्ह्यांतील कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीं, काम मागून, आणि खाडा झाला कीं पैसे कापले. तेथें कोणी मुलाखत घेत नाहीं. तेथें प्रश्न विचारला जात नाहीं, तो अंगावर सोसावा लागतो. २०१९ सालीं शासनानें नेमलेल्या समितीस बीड जिल्ह्यांतील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणींत १३ हजारांहून अधिक जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. कारणें अनेक सांगतात. त्यांत डॉक्टरांनीं घातलेली भीति आहे, तसाच खाड्याचा धाकही आहे. "पुढें आणखी कांहीं विचार ?" या आमच्या सुशिक्षित प्रश्नाचें हें फडावरचें रूप होय.

म्हणून उमेदवारानें काय उत्तर द्यावें, ही चर्चा आतां पुरे. त्यानें काय तें द्यावें. पोटासाठीं दिलेल्या उत्तराचा दोष त्याच्याकडे नाहीं. विचार करावयाचा तो टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांनीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनें पदव्या व शोधनिबंध यांचे गुण केवळ बोलावण्यापुरते ठेवले आणि अंतिम निवड सर्वस्वीं मुलाखतीवर सोंपविली. इतकी सत्ता ज्या अर्ध्या तासास मिळाली, त्यांत झालेल्या प्रश्नोत्तरांची ओळही कोठें नोंदली जाऊं नये, हें कोणत्या न्यायाचें ? परीक्षेंत विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका आम्ही जपून ठेवतों. येथें तर प्रश्नपत्रिकाच नसते. अध्यक्ष मान खालीं घालतात, विद्यापीठाचे प्रतिनिधि घड्याळाकडे पाहतात, आणि विषयतज्ज्ञ पेन्सिलीशीं खेळतात. विचारणारा एकच असतो हें खरें. परंतु इतरांच्या मौनाच्या भांडवलावरच त्याचा व्यापार चालतो. "हा प्रश्न गैरलागू आहे, तो आम्ही मागें घेतों," एवढें वाक्य बोलण्यास कोणत्याही कायद्याची अनुज्ञा लागत नव्हती. तें आम्हीं त्या दिवशीं उच्चारलें नाहीं.

येत्या महिन्यांतील एका समितीचें पत्र आम्हांस आलें आहे. विचारलेला प्रत्येक प्रश्न आम्ही उमेदवाराच्या नांवापुढें स्वहस्तें लिहून ठेवूं आणि तें टिपण अहवालास जोडल्याखेरीज सही करणार नाहीं, असें आम्हीं संबंधित संस्थेस लेखी कळविलें आहे. तीन आठवडे झाले. संस्थेकडून उत्तर आलेलें नाहीं.