धोरण की आरोग्य? पदव्युत्तर निवडीचा विवेक

पदवी हाती आली की सनदी लेखापाल, बँकेची परीक्षा, स्पर्धा परीक्षा हे मार्ग घराघरांत परिचयाचे असतात. अलीकडे काही मुले-मुली मात्र सार्वजनिक धोरण आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांतील पदव्युत्तर शिक्षणाकडे वळत आहेत. दोन्हीकडे प्रवेश मिळाला तर कोणता स्वीकारावा, हे सांगणारे घरात सहसा कोणी नसते. मग निर्णय संस्थेच्या नावावर किंवा परदेशाच्या आकर्षणावर सोपविला जातो.

या विषयांतील भेद अजिंठ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. लेण्यांतील चित्रांचे रक्षण व्हावे म्हणून खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरजवळच्या फाट्यावर थांबविली जातात. पुढील प्रवास एस.टी.च्या बसने होतो. या एका निर्णयात वारसा, पर्यटकांची सोय, दुकानदारांची मिळकत आणि शासनाचा खर्च यांचा मेळ घालावा लागतो. हा सार्वजनिक धोरणाचा प्रांत. येथून संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटर. गर्भवतीला अडलेल्या वेळी तिथवर धावावे लागू नये, यासाठी गावात कोणती सेवा कोणी द्यावी आणि तिने मृत्यू खरोखर घटले का, हे कसे मोजावे, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रांत. आरोग्यधोरण या दोहोंच्या सीमेवर उभे आहे.

महाराष्ट्रात दोन्ही वाटांचे थोर नमुने आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. तिच्यासाठी निधी उभारण्याकरिता १९७५ पासून व्यवसायकर आकारला गेला. नोकरदारांच्या वेतनातून आजही तो कापला जातो. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यालाही या योजनेचा आधार लाभला. हक्क, कायदा आणि पैसा यांची सांगड घालणारे हे धोरण होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची वाट दुसरी. वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम केल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था उभारली. गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यात आली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली हीच पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर स्वीकारली गेली. काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींतूनच येथे राष्ट्रीय धोरण जन्मले.

म्हणून प्रथम प्रश्न निश्चित व्हावा, मग पदवी. कायदा, अंदाजपत्रक, प्रशासन यांची ओढ असलेल्याने धोरणाकडे जावे. रोगांचे प्रमाण, संख्याशास्त्र, गावपातळीवरील सेवा यांत रस असलेल्याने आरोग्याकडे. देशातच दोन्हींची सोय आहे. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून, तसेच मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण मिळते. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१४ पासून सार्वजनिक धोरणाचे. प्रवेशापूर्वी विषयांची यादी, क्षेत्रकार्याचे महिने आणि माजी विद्यार्थी सध्या कोठे काम करतात, हे पाहावे.

यानंतर पैशाचा हिशेब. समजा, परदेशी शिक्षणासाठी ४० लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ५२,९०० रुपये पडतो. याच अटींवर पाच लाखांचा हप्ता सुमारे ६,६०० रुपये. हप्ते सामान्यतः अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र आधीपासूनच चढत असते. या क्षेत्रातील पहिली नोकरी बहुधा एखाद्या स्वयंसेवी संस्थेत किंवा शासकीय प्रकल्पात, तीही कराराची असते. मोठ्या हप्त्याचे ओझे घेतलेल्या मुलीला गडचिरोलीसारख्या ठिकाणी काम करण्याची इच्छा असूनही महानगरातील मोठ्या पगाराचीच नोकरी धरावी लागते. ज्या कामासाठी पदवी घेतली, तेच काम कर्जापायी दुरावते.

जामिनदार म्हणून सही करण्यापूर्वी पालकांनी मुलीला एवढेच विचारावे : ‘शिक्षण संपल्यावर पहिली पाच वर्षे तू कोणाचा प्रश्न सोडविणार आहेस, आणि हा हप्ता तुला ते करू देईल का?’ तिचे उत्तर स्पष्ट असेल, तर संस्थेची निवड फारशी अवघड राहत नाही.