दया कोणाची, देणें कोणाचें?

गेल्या उन्हाळ्यांत मँचेस्टर येथें आमच्या पुतणीच्या घरीं कांहीं आठवडे राहण्याचा योग आला. तिच्या घरांत एक ग्रेहाउंड कुत्री आहे. शर्यतींतून निवृत्त झाल्यावर एका आश्रयसंस्थेमार्फत ती या घरीं आली. तिच्या कानांत गोंदलेलीं अक्षरें आहेत. प्रथम आली तेव्हां जिना कसा चढावा हें तिला ठाऊक नव्हतें, आणि कांचेच्या दारावर तिनें दोनदां नाक आपटून घेतलें. कारण चार वर्षांची होईपर्यंत तिनें घर असें पाहिलेंच नव्हतें. आतां ती दिवसाचा बहुतेक वेळ कोचावर निजून काढते. ही हकीकत परत आल्यावर आम्हीं आमच्या प्राध्यापकमित्रांना सांगितली, तेव्हां दोन उद्गार ऐकूं आले. एक गृहस्थ म्हणाले, "इकडे माणसांना पेन्शन मिळेना, आणि हे कुत्र्यांना पेन्शन देत बसले!" दुसरे म्हणाले, "कांहीं म्हणा, लोक मोठे दयाळू!" पहिल्यांनीं निंदा केली, दुसऱ्यांनीं स्तुति केली, परंतु चूक दोघांचीहि एकच. या प्रकरणास दोघेहि दया समजतात. आमचें म्हणणें असें आहे कीं, हा दयेचा प्रश्न नसून देण्याचा आहे. आणि तें देणें ज्यानें फेडावयाचें तो सोडून भलताच मनुष्य फेडीत आहे.

या धंद्याची घडण प्रथम पाहूं. यंत्राच्या सशामागें कुत्रे पळविण्याची युक्ति अमेरिकेंतील ओवेन स्मिथ यांनीं प्रचारांत आणली. ब्रिटनमध्यें अशी पहिली शर्यत १९२६ च्या जुलै महिन्यांत याच मँचेस्टर शहरीं, बेल व्ह्यू मैदानावर झाली. पहिल्या दिवशीं सुमारें १७०० माणसें आलीं होतीं. थोड्याच दिवसांत ती संख्या हजारोंनीं वाढली. ससा कोणत्याहि कुत्र्याच्या हातीं लागावयाचा नाहीं, आणि पैजेचा पैसा मात्र कोणाच्या तरी हातीं लागावयाचाच, हा या खेळाचा पाया. कुत्रा दीड वर्षाचा झाला कीं पळूं लागतो आणि चार-पांच वर्षांचा होतो न होतो तोंच निकामी ठरतो. त्याचें आयुष्य मात्र बहुधा बारा वर्षांचें असतें. म्हणजे ज्या प्राण्याची कमाई तीन वर्षांची, त्याचें म्हातारपण सात-आठ वर्षांचें! हा हिशेब धंदा सुरू करणारांस पहिल्या दिवसापासून दिसत होता. तो त्यांनीं मांडला नाहीं, एवढेंच.

मिक द मिलर या आयर्लंडांत जन्मलेल्या कुत्र्यानें १९२९ आणि १९३० या लागोपाठ दोन सालीं इंग्लिश डर्बी जिंकली. तो १९३९ सालीं मेला, तेव्हां त्याचें कातडें भरून त्यास ट्रिंग येथील संग्रहालयांत कांचेच्या कपाटांत उभें करण्यांत आलें. जिंकणारास कपाट मिळालें. हरणारांस काय मिळालें, हें पुष्कळ दिवस कोणीं विचारलें नाहीं. २००६ सालीं एका वृत्तपत्रानें उघडकीस आणलें कीं, डरहॅम परगण्यांतील सीहॅम येथें एक इसम वर्षानुवर्षें निवृत्त ग्रेहाउंड अल्प मोबदल्यांत ठार करून आपल्या जमिनींत पुरीत होता. ही संख्या हजारोंच्या घरांत गेली असावी असें त्या पत्रानें लिहिलें. पुढें त्याला २००० पौंड दंड झाला. पण तो कशाबद्दल? कुत्रे मारल्याबद्दल नव्हे, तर परवान्यावांचून जमिनींत कचरा पुरल्याबद्दल! कायद्याच्या दृष्टीनें शर्यत हरलेला कुत्रा हा काय पदार्थ होता, हें याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगूं शकेल असें वाटत नाहीं.

यावर धंद्याच्या पक्षाचे लोक म्हणतील, "त्या जुन्या गोष्टी झाल्या. आतां आम्ही सुधारलों आहों." त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें नाकारणें अन्यायाचें होईल. ब्रिटनमधील नियामक मंडळानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०१८ सालीं ९३२ शर्यती कुत्रे मृत्यु पावले. त्यांपैकीं १७५ केवळ उपचाराचा खर्च परवडत नाहीं म्हणून मारले गेले. हा शेवटचा आंकडा २०२३ सालीं ३ वर आला. ही सुधारणा खरी आहे. पण ती कोणाच्या पैशानें व कोणाच्या श्रमानें झाली, हा आमचा सवाल आहे.

२०२० सालीं मंडळानें निवृत्त कुत्र्यांसाठीं एक योजना सुरू केली. तींत सुरुवातीस प्रत्येक कुत्र्यामागें ४०० पौंडांची अनामत ठेवावयाची होती. अर्धी मालकानें, अर्धी मंडळानें. कुत्रा आश्रयसंस्थेकडे गेला कीं ती रक्कम संस्थेला मिळते. योजना चांगली. आतां भागाकार करून पहा. उरलेलीं आयुष्याचीं वर्षें आठ धरलीं, तर वर्षाला ५० पौंड होतात. म्हणजे आठवड्याला एक पौंडहि पुरता नाहीं. या रकमेंत कुत्र्याचे दांतहि दुरुस्त होत नाहींत, आणि शर्यती कुत्र्यांचे दांत बहुधा फारच किडलेले असतात! बाकीचा सर्व खर्च पुतणीसारख्या कुटुंबांनीं आणि वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांनीं सोसावयाचा. या शर्यतींवर पैजा घेणारे बुकमेकर जो निधि देतात, तो उलाढालीच्या शेंकडा सहादशांश इतका. आणि तोहि कायद्यानें नव्हे, स्वेच्छेनें! नफा सक्तीनें वसूल होतो आणि जबाबदारी तेवढी ऐच्छिक राहते, असा हा व्यवहार आहे.

"पण कुत्र्यांना पळण्याची हौसच असते," असाहि एक युक्तिवाद ऐकूं येतो. असेल. मुलांना झाडावर चढण्याची हौस असते. म्हणून पडून हात मोडलेल्या मुलाला शेजाऱ्याच्या ओटीवर नेऊन ठेवावें, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

याचा अर्थ निवृत्त कुत्रे घरीं नेऊं नयेत असा कोणी करील तर तो आमच्यावर अन्याय होईल. जे नेतात ते पुण्याचें काम करतात. परंतु त्यांच्या पुण्याईचा दाखला देऊन "पहा, सर्वांना घरें मिळतात, मग खेळ चालूं द्या" असें जेव्हां धंदा म्हणूं लागतो, तेव्हां ती पुण्याई त्याच्या पदरीं भांडवल म्हणून पडते. नवे कुत्रे पैदा होत राहावे आणि जुने सज्जनांनीं उचलीत राहावे, हें दुसऱ्याच्या फुटक्या रांजणांत आपण पाणी भरण्यासारखें आहे. याच्या उलट बाजूहि पहा. मकावचें कॅनिड्रोम मैदान २०१८ सालीं बंद झालें, तेव्हां मागें राहिलेल्या पांचशेंहून अधिक कुत्र्यांना देशोदेशीं घरें शोधण्यांत आलीं. त्याच सालीं फ्लोरिडाच्या मतदारांनीं शेंकडा ६९ मतांनीं या शर्यती बंद करण्याचें ठरविलें. न्यूझीलंड सरकारनें २०२४ च्या डिसेंबरांत तोच निर्णय जाहीर केला, आणि सुमारें २,९०० कुत्र्यांची सोय लावावी लागेल हें तेव्हांच मोजून सांगितलें. २०२५ सालीं वेल्सच्या सरकारनेंहि बंदीचा निश्चय प्रकट केला. अशा ठिकाणीं घर शोधणें म्हणजे जुनें खातें मिटविणें होय. खातें चालू ठेवून घरें शोधणें म्हणजे कर्जावर कर्ज काढणें होय. दोन्ही कृत्यें वरून सारखीं दिसतात. पण एकांत शेवट आहे, दुसऱ्यांत नाहीं.

हें वाचून आपल्यापैकीं कोणी मिशीला तूप लावूं नये. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंद केलेल्या बैलगाडा-शर्यतींना २०२३ सालीं त्याच न्यायालयानें, महाराष्ट्राचा सुधारलेला कायदा मान्य करून, मोकळीक दिली. शर्यतीच्या खोंडास लाखोंची किंमत येते. तोच बैल थकल्यावर कोणाच्या दावणीला असतो, याची नोंद कोण ठेवतो? आमच्या पूर्वीच्या व्यापाऱ्यांनीं पांजरपोळी काढल्या त्या आपल्याच मालावर पट्टी बसवून. शेजाऱ्याच्या सौजन्यावर नव्हे. धर्म म्हणून केलें, तरी खर्च आपल्या वहींत लिहिला.

नामदेवांची गोष्ट आपल्या घरांतील लहान मुलालाहि ठाऊक आहे. कुत्र्यानें कोरडी पोळी पळविली, तेव्हां नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. त्या गोष्टींत मनुष्य कुत्र्यामागें धांवतो. या धंद्यांत कुत्रा माणसासाठीं धांवतो, आणि तुपाची वाटी घेऊन तिसराच कोणी येतो. त्या तिसऱ्यास आमचा नमस्कार असो. परंतु ज्यानें पळविलें त्यानेंच तूप वाढलें पाहिजे. आणि तेवढें तूप ज्याच्या घरांत नाहीं, त्यानें शर्यत भरवूं नये. आमच्या पेन्शनवाल्या मित्रांना आमचें हेंच उत्तर आहे. पेन्शन ही भीक नव्हे, राबवून घेतल्याचें देणें आहे, हें स्वतःच्या बाबतींत त्यांना उत्तम समजतें. तोच नियम चार पायांना लावावयाचा, इतकेंच आमचें मागणें आहे.