खरडून गेलेल्या थडीत काळा गाळ ओतताय? जरा थांबा.

मागच्या आठवड्यात बिलोली तालुक्यात मांजराकाठच्या एका गावाला गेलो होतो. बातमी वेगळीच होती, रस्त्याची. परत येताना एका शेतात टिप्पर खाली होताना दिसला म्हणून गाडी थांबवली. सप्टेंबर 2025 च्या पुरात त्या शेताचा नदीकडचा निम्मा भाग खरडून गेलेला. कुठं गुडघाभर, कुठं कमरेइतका खड्डा, तळाला नुसती रेती आणि गोटे. त्यात तलावातला काळाशार गाळ आणून ओतणं चालू होतं.

शेताचे मालक साठीच्या पुढचे. मी म्हणलं, "मामा, माती तर लई भारी मिळाली की." ते काही खूश दिसले नाहीत. म्हणाले, "भारी हाय, पण हितली नाही. त्या कोपऱ्यात आधी टाकली होती, तिथं पाणी सोडून बघितलं. दोन दिवस वरच थांबलं. आमच्या मातीत सांजच्याला पाणी दिलं तर सकाळी चालता येत होतं."

घरी आल्यावरही हे डोक्यातून जाईना. कारण पुरानंतर आपण सगळ्यांनीच, मी पण, बातम्या केल्या त्या हेक्टरच्या. किती हेक्टर बाधित, किती हेक्टर खरडली, हेक्टरी किती मदत. कोणती माती गेली, हे एकाही बातमीत नव्हतं. माझ्याही नव्हतं.

आपल्याकडं जमीन म्हणलं की काळी. काळी म्हणजे चांगली, बाकी सगळी हलकी, हा हिशोब लहानपणापासून ऐकत आलोय. माळाची मुरमाड जमीन हलकी हे खरं आहे. पण नदीच्या थडीची वाळूमिश्रित पोयट्याची जमीन म्हणजे काळीची गरीब बहीण नव्हे. ती वेगळीच जात आहे आणि आपल्या भागात कमी आहे. कमी का आहे, तेही सांगतो.

आपला लातूर आणि नांदेडचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टवर बसलेला आहे. बेसॉल्टमध्ये गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, जवळपास नसतेच. त्यामुळं हा खडक झिजला की त्याची टिकाऊ रेती होत नाही, शेवटी चिकणमातीच होते. म्हणून आपल्या भारी काळ्या जमिनीत निम्म्याहून जास्त चिकणमाती सापडते. देगलूर-बिलोलीकडं मात्र खाली ग्रॅनाइटचा जुना खडक येतो. त्यातली गारगोटी झिजत नाही, ती रेती होऊन वाहते. मांजरा तर निलंग्याच्या खाली बिदरकडं जाते, तेलंगणात निजामसागरला अडते आणि वळसा घेऊन परत आपल्या बिलोलीच्या शिवेवर येते. म्हणजे ग्रॅनाइटचा मुलूख फिरूनच येते. लातूरकडची थडी जास्त पोयट्याची आणि बिलोलीकडं रेतीचं प्रमाण वाढतं, त्याचं मूळ हे आहे.

आता पूर आला की काय होतं? पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग मोडतो. जड रेती काठालाच पडते, पोयटा थोडा पुढं जातो आणि बारीक चिकण लांब शिवारात जाऊन बसते. अशा कित्येक पुरांचे थर एकावर एक बसून थडी तयार होते. काठाजवळची विहीर खोदताना हे पट्टे स्पष्ट दिसतात, कोणत्याही खोदकाम करणाऱ्याला विचारा. आज एका रात्रीत खरडून गेलेली कमरेइतकी माती बनायला किती पिढ्या गेल्या असतील ते बघा.

या मातीचा स्वभाव असा की पाणी पटकन घेते आणि पटकन सोडते. वाळूमिश्रित पोयट्यात तासाला वीस-तीस मिलिमीटर पाणी जिरतं. भिजून फुगलेल्या काळीत एक ते पाच मिलिमीटर जिरलं तरी खूप. म्हणून पावसाळ्यात काळ्या रानात आठ-आठ दिवस पाय घालता येत नाही, तर थडीला एक-दोन दिवसांच्या उघडिपीत वाफसा येतो. पेरणी, कोळपणी वेळेत होते. भुईमुगाची शेंग मातीत तुटून राहत नाही, हळदीच्या कंदाला पाणी तुंबत नाही. उलट बाजूही आहे. फूटभर खोल काळी माती पिकाला दीड-दोन इंच पाणी पुरवते, थडीची एक-सव्वा इंच. म्हणजे पाणी थोडं पण वरचेवर लागतं. युरियाचं पोतं एकदाच ओतलं तर नत्र मुळाखाली वाहून जातं, हप्त्यानं द्यावं लागतं. मोकाट पाण्यावर ऊस लावून "ही जमीन पाणी खाते" अशी तक्रार करणारे मी पाहिलेत. चूक जमिनीची नाही हो.

आणि आपला मुलूख कसला? सातशे ते नऊशे मिलिमीटर पावसाचा, तोही लहरी. वर बालाघाटाचे माळ, कुसळीचं गवत, देवणी आणि लाल कंधारी गुरं. माळावर पडलेला पाऊस थांबत नाही, वाहून जातो. त्यातलं जे पाणी थडीत जिरतं तेच काठच्या विहिरीत उन्हाळ्यात सापडतं. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलो नाही. पण पाणी जिरवणारी माती कुठं आहे, याची नोंद आपल्याकडं कुठं आहे?

सातबारा काढून बघा. जिरायत, बागायत, पोटखराब, एवढंच. बरं, मृदा आरोग्य पत्रिका घ्या. 2015 पासून ही योजना आहे. त्यात बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. सगळं कामाचं. पण रेती किती, पोयटा किती, चिकण किती, म्हणजे मातीचा पोत, तो या बारात नाही. शेतकऱ्याला जस्त किती कमी आहे हे कळतं. आपली माती कोणत्या जातीची, हे कागदावर कुठंच नाही. मग गेली तरी कागदावर काय गेलं?

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्यानं आणि सप्टेंबरात मांजरा, तेरणा, गोदावरीनं जे केलं ते सगळ्यांनी भोगलं. ऑक्टोबरात राज्य सरकारनं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि 3 लाखांपर्यंतची कामं रोजगार हमीतून. आकडा वाईट नाही, तसं म्हणणार पण नाही. पण रोजगार हमीचं मूळ गणित 60 टक्के मजुरी आणि 40 टक्के साहित्याचं. माती आणायची तर लागतो पोकलेन आणि हायवा. आणि माती आणायची कुठून? सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे तलावातला गाळ. 2017 पासून गाळमुक्त धरण योजना आहेच, गाळ काढायचाच असतो, वाहतूक करणारे तयारच आहेत.

गाळ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मुरमाड माळावर तो सोनं आहे. थडीच्या रेताड जमिनीतही थोडा टाकून नीट मिसळला तर ओल धरायला मदतच होते. घोटाळा होतो तो दोन-तीन फुटांचा जाड थर रेतीवर तसाच ओतल्यावर. वरची चिकण पाणी धरून बसते, खालच्या रेतीत सहजी सोडत नाही. पिकाचं मूळ दोन मातींच्या सांध्यावर अडतं. मामांच्या कोपऱ्यात दोन दिवस पाणी थांबलं ते यामुळंच.

उलटा प्रकारही आहे. कित्येकांच्या काळ्या रानावर पुरानं रेती आणून टाकलीय. चार बोटांचा थर असेल तर खोल नांगरून मिसळून टाका, भारी काळीला त्यानं तोटा नाही. हातभर असेल तर मात्र काढावीच लागते. ती काढून स्वतःच्याच खरडलेल्या तुकड्यात टाकायची की बाहेर न्यायची, कोणाच्या परवानगीनं, हे तहसीलनं गावोगावी फलक लावून सांगावं. शेतकऱ्यानं दहा चकरा मारून विचारायची गोष्ट नाही ही.

रेतीघाटांवर बोललं की फोन येतात, तरी बोलतो. पात्रातली रेती प्रमाणाबाहेर उपसली की पात्र खोल जातं, काठ उभा होतो, पायथा पोखरला जातो आणि पुराच्या पाण्यात दरडीसारखा कोसळतो. काठच्या विहिरीचं पाणीही खोल गेलेल्या पात्राकडं उतरतं. खरडलेल्या जमिनींचे पंचनामे करताना शेजारच्या पात्राची खोली कोणी मोजली का, हा प्रश्न मी विचारून ठेवतोय. उत्तर आलं तर इथंच टाकीन.

माझी मागणी छोटी आहे. भरावाच्या कामाला मंजुरी देताना दोन ओळी लिहा: आधी कोणत्या पोताची माती होती आणि आता कोणती टाकणार. खरडलेल्या तुकड्याशेजारी जे रान शाबूत आहे तिथली माती तपासली की पहिलं उत्तर मिळतं. परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे, माणसं आहेत आपल्याकडं.

तोवर घरी करून बघा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. दहा मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात बसते ती रेती. दोन-तीन तासांत पोयटा. चिकणीला एक दिवस, कधी जास्तही लागतो. पट्टीनं थर मोजा. मामांच्या शाबूत रानातली माती मी आणली होती, अर्ध्याहून जास्त रेती निघाली. ओतलेल्या गाळाची बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होती. बायकोनं विचारलं, लोणच्याची बरणी कोण घेतली? ते वेगळं प्रकरण.

परवा मामांना फोन केला. त्यांनी टिप्पर थांबवलेत. जेवढा गाळ पडलाय तो पसरून, वरच्या तुकड्यात पुरानं टाकलेली रेती त्यात मिसळायला ट्रॅक्टर सांगितलाय. पहिल्या पावसावर ताग पेरून गाडणार आणि काठाला मारवेल लावणार म्हणाले. यंदा पीक घेणार नाहीत त्या भागात.